माझे चार दिवस कुठं लिहिणार?

गेल्या महिन्याच्या बैठकीत ‘नाल्याची मोजणी’ हा विषय सगळ्यात शेवटी होता. त्याआधी दोन केसेस झाल्या, शिबिराचा खर्च झाला, अंकाच्या वर्गणीवरून नेहमीची कुरकुर झाली. मग माझा विषय आला तेव्हा एका जुन्या मैत्रिणीनं, जिच्याकडून मी चळवळीतली बरीचशी बाराखडी शिकले, विचारलं, ‘‘अगं, पाण्याचा निचरा हे इंजिनिअर लोकांचं काम. ते आपण कशाला अंगावर घ्यायचं? आपल्याला काय कमी व्याप आहेत?’’ साडेआठ वाजून गेले होते, प्रत्येकीला घरी जाऊन पोळ्या टाकायच्या होत्या. मीही गप्प बसले. विरार गाडीत लोंबकळत भाईंदरला उतरेपर्यंत मनातल्या मनात उत्तर देत होते. ते आता इथं लिहिते आहे.

आधी आमच्याकडच्या पाण्याची वाट सांगते, म्हणजे ज्या मैत्रिणींनी मीरा-भाईंदर फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलं आहे त्यांना अंदाज येईल. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, दक्षिणेकडून मनोरी-गोराईची खाडी आत शिरलेली. पूर्वेला तेवढे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. डोंगरावर पडलेला पाऊस काशिमिऱ्याच्या आदिवासी पाड्यांवरून उतरतो, हायवे ओलांडतो आणि पुढे ताटासारख्या सपाट जमिनीवर येऊन पडतो. इथं पूर्वी भातखाचरं, खाजणं आणि मिठागरं होती. पाणी त्यांच्यावर पसरायचं, थांबायचं, ओहोटी लागली की सावकाश खाडीत उतरायचं. मीरा रोड आणि भाईंदरच्या मधून जाणारी जाफरी खाडी आणि तिला येऊन मिळणारे लहानमोठे नाले, हीच त्या पाण्याची घरी जायची वाट. आज वस्तीतली मुलं त्या वाटेला ‘गटार’ म्हणतात. त्यांनी तिचं दुसरं रूप पाहिलेलंच नाही.

१९८५ साली इथं नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. १९९१च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं होती, २०११ मध्ये आठ लाखांच्या वर. वीस वर्षांत चौपटीहून जास्त! मुंबईत खोली परवडत नाही म्हणून आलेली ही माणसं, आणि त्यांत माझे आईवडीलही होते, तेव्हा त्यांच्या नावानं बोटं मोडायचा माझा विचार नाही. पण त्यांच्यासाठी जमीन कशी तयार झाली हे सांगायला हवं. भराव टाकून. आधीच्या रस्त्यापेक्षा नवी इमारत उंच, मग पाणी साचतं म्हणून रस्ता उंच, मग त्याच्यापेक्षा पुढची इमारत उंच. आमच्या चाळीत लहानपणी तीन पायऱ्या चढून जावं लागायचं. आता रस्त्यावरून एक पायरी उतरून जावं लागतं. चाळ जागची हललेली नाही.

म्हणजे आमच्याकडे दोन पाणी येतात. एक डोंगराकडून, एक समुद्राकडून. नाल्याच्या तोंडाशी भरतीचं पाणी नाल्यातल्या पाण्यापेक्षा वर चढलं की पावसाच्या पाण्याला बाहेर पडायची सोय राहत नाही. नाला थांबतो, आणि उधाण असेल तर चक्क उलटा वाहतो. त्या वेळेला पहिलं पाणी दारातून येतच नाही, ते येतं मोरीतून. (मराठीत घरातल्या धुण्याभांड्याच्या जागेलाही मोरी म्हणतात आणि रस्त्याखालून, रुळांखालून पाणी काढणाऱ्या बांधकामालाही मोरीच. आमच्या बायकांना हे फार पटतं. ती मोरी तुंबली की ही मोरी बोलते.) घरात पाणी शिरणार हे सगळ्यात आधी मोरीपाशी बसलेल्या बाईला कळतं, आणि बहुतेक घरांत ती बसलेली असते.

२६ जुलै २००५ला मी शाळेत होते. मंगळवार होता. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्याच दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला ४.४८ मीटरची भरती होती, हे आकडे नंतर वाचले. तेव्हा फक्त एवढं दिसलं की आईनं तांदळाचा डबा माळ्यावर चढवला, गाद्या चढवल्या, वह्यापुस्तकं चढवली, आजीला चढवलं, आणि गॅसचं सिलिंडर मात्र तिला एकटीला उचलेना. बाबा चर्चगेटला अडकलेले. ते दुसऱ्या दिवशी रुळांवरून चालत आले. त्यांच्या त्या चालण्याची गोष्ट आमच्या घरात आजही पाहुण्यांना सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखी आहेच. आईनं त्या रात्री काय केलं याची गोष्ट कुणी सांगत नाही, तीसुद्धा नाही. विचारलं तर म्हणते, ‘‘काय करणार? पाणी उपसलं.’’

या उत्तरातच मी पुढे काही वर्षांनी ठेच खाल्ली. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी नाल्याकाठच्या एका वस्तीत काम सुरू केलं होतं. पावसाळ्यात दोनदा घराघरांत पाणी शिरलं. मी व्यवस्थित प्रश्नावली तयार केली, कॉलेजात शिकवली तशी. कुटुंबप्रमुखाचं नाव. व्यवसाय. पाण्याची उंची. नुकसान झालेल्या वस्तू व अंदाजे किंमत. एका मावशींच्या दारात बसून लिहून घेत होते. टीव्ही, मिक्सर, गोधड्या, धान्य, मुलीचा दाखला. सगळं झालं. मावशी म्हणाल्या, ‘‘झालं? आणि माझे चार दिवस कुठं लिहिणार?’’

मी विचारलं, कुठले चार दिवस? त्या हसल्या. मग बोटं मोडत सांगितलं. पहिली रात्र उपसण्यात. दुसरा दिवस घमेल्यानं चिखल काढण्यात. तिसरा दिवस धुण्यात, आणि धुवायला नळाला पाणी नाही, तेव्हा टँकरच्या रांगेत. चौथा दिवस भिजलेले गहू, गोधड्या आणि कागद वाळवण्यात. या चार दिवसांत त्या धुण्याभांड्याला जात होत्या त्या दोन घरांनी खाडे धरले. त्यांतल्या एका घरचं पार्किंग पाण्यानं भरलं होतं म्हणून त्यांना पाचव्या दिवशी तिथंही चिखल काढायला बोलावलं, ते वेगळंच. माझ्या कागदावर या कशालाच रकाना नव्हता. घरकामाच्या अदृश्य श्रमांवर मी परीक्षेत पंधरा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं बरं का!

तेव्हापासून मला वाटतं की पुराचं मोजमाप हा आपला विषय आहे. कोण मोजतं आणि काय मोजतं यावर पुढचं सगळं ठरतं: पंचनाम्यात कुणाचं नाव लागतं, नालारुंदीकरणात कुणाचं घर जातं, कुठली मोरी मोठी होते आणि कुठली तशीच राहते. हे कागद आपल्याला न विचारता तयार होत आहेत. हिंसाचाराच्या केसमध्ये आपण एफआयआरचा शब्द न् शब्द वाचतो, कारण पुढे कोर्टात तेवढाच उरतो हे आपल्याला ठाऊक आहे. पुराच्या कागदांकडे मात्र आपण ‘टेक्निकल आहे’ म्हणून पाठ फिरवतो.

ते टेक्निकल आहे खरं, पण आपल्या आवाक्याबाहेरचं नाही. आमच्या गटात चौथी शिकलेल्या बायका हा हिशेब करतात, म्हणून इथं मांडते. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. दहा बाय बाराच्या खोलीचा पत्रा साधारण अकरा चौरस मीटर. तासाला पन्नास मिलिमीटर पडला तर त्या एका पत्र्यावरून साडेपाचशे लिटर, म्हणजे दोनशे लिटरची पावणेतीन पिंपं. सांताक्रूझचा २६ जुलैचा आकडा त्याच पत्र्यावर धरला तर दहा हजार लिटरच्या वर. एका खोलीच्या पत्र्यावर एक टँकर! हे ऐकल्यावर बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. टँकरसाठी पहाटे उठणाऱ्या बायका होत्या त्या.

आता पुढची पायरी. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती, आणि त्यातही असं धरलं होतं की निम्मं पाणी जमिनीत मुरेल, उरलेलं निम्मंच गटारात येईल. १९८५च्या पुरानंतर अभ्यास झाला, १९९३ साली ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा अहवाल आला, त्यात म्हटलं की आता ५० मिलिमीटर धरा आणि मुरणारं काही धरू नका. एका चौरस किलोमीटरवर पहिल्या हिशेबानं तासाला साडेबारा हजार घनमीटर पाणी येतं, दुसऱ्या हिशेबानं पन्नास हजार. चौपट. हा आकडा मुंबईचा असला तरी हिशेब आमच्याकडेही तोच लागू होतो, कारण ते ‘मुरणारं निम्मं’ म्हणजे आमची भातखाचरं, खाजणं आणि मिठागरंच. त्यांच्यावर लादी बसली. पाऊस वाढला नसता तरी नाल्यात येणारं पाणी दुप्पट झालं असतं, हे समजून घ्यायला हवं. ‘निसर्गाचा कोप’ म्हणणाऱ्या भाषणांना आमच्या बायका हल्ली या ठिकाणी हटकतात.

आणि पाऊस प्रत्येक ठिकाणी सारखा नसतो. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी कुलाब्याला ७३ होता. म्हणून कुठल्या तरी लांबच्या यंत्राचा आकडा आपल्या वस्तीच्या नावावर लिहू देऊ नये. सरळ उभ्या बाजूचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवायचा, रोज सकाळी एकाच वेळेला पट्टीनं मोजायचं, लिहायचं, ओतून द्यायचं. आमच्याकडे हे काम एका आजींनी घेतलं आहे. त्यांना लिहिता येत नाही, नात लिहिते.

भरतीचा हिशेब तर इथल्या आगरी-कोळी बायकांकडून आम्हीच शिकलो. तिथीला पाऊणपट करायचं. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊण म्हणजे तीन, तर तीनच्या सुमाराला भरती, दुपारी आणि रात्रीही. अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, आणि खाडीच्या आत पाणी चढायला आणखी वेळ लागतो, पण कामापुरतं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असतेच. उपासतापासासाठी पाहायची ती आम्ही पाण्यासाठी पाहतो. (आमच्यातल्या काही कट्टर मैत्रिणींना तिथी पाहणं खटकलं होतं! त्यांना सांगितलं, बाई गं, चंद्र कुठल्या धर्माचा नाही.)

एक महत्त्वाची गोष्ट मात्र कॅलेंडरात नाही. वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचं मुख. कर्जत, बदलापूर, कल्याणकडे जोराचा पाऊस झाला की ते पाणी घोडबंदरवरून याच खाडीतून समुद्राला जातं. त्या वेळी ओहोटी असली तरी खाडी हवी तेवढी उतरत नाही. गंमत म्हणजे आमच्या नळाला येणारं पाणीही शहाड-टेमघरहून, त्याच उल्हासचं. उन्हाळ्यात ती नदी आमच्यापर्यंत पोचायला मोर्चे काढावे लागतात. पावसाळ्यात ती आपली आपण दारात येऊन उभी राहते.

आता लाल आकड्यांबद्दल. मागच्या वर्षी थंडीत दोन माणसं वस्तीत आली आणि नाल्याला लागून असलेल्या घरांच्या भिंतींवर लाल रंगात आकडे टाकून गेली. कुठून आली, कागद कसला, काही सांगितलं नाही. ‘‘नाला रुंद करायचाय,’’ एवढंच एक जण म्हणाला. दुसऱ्या दिवशी बायका माझ्याकडे. खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार मोर्चाचाच आला. मोर्चा नंतर काढलाही. पण त्याआधी एका ताईंनी एक साधा प्रश्न केला. त्या बांधकामावर बिगारी म्हणून जातात. ‘‘ताई, पण पाणी आमच्यामुळं अडतंय का? ते आधी बघूया ना.’’

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. आम्ही बघायचं ठरवलं. घराघरांतल्या दाराच्या चौकटींवर मागच्या पुरांच्या खुणा होत्याच. कुणी कोळशानं केलेल्या, कुणी कुंकवानं, कुणाकडे नुसता चिखलाचा पट्टा. त्या एकमेकींशी जुळवायच्या कशा? चौकटी वेगवेगळ्या उंचीवर. त्या बिगारी ताईच म्हणाल्या, लेव्हल पाइप आणते. गवंडी वापरतात ती पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी. दोन टोकं दोन घरांत धरायची, पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला राहतं, तिथं रेघ मारायची. घराघरांतून अशी नळी फिरवत आम्ही सगळ्या वस्तीला एक समान रेघ मारली. मग कुणाकडे पाणी त्या रेघेच्या किती वर होतं, किती खाली, हे उघड झालं.

वस्तीच्या खालच्या अंगाला नाला एका रस्त्याखालून जातो. तिथं मोरी आहे, जुनी, अरुंद, अर्धी गाळानं भरलेली. पलीकडे भराव टाकून नव्या इमारती झाल्या आणि नाल्याला काटकोनात वळवून भिंतीलगत नेलं. मोरीच्या दोन्ही बाजूंना आम्ही रंगवलेल्या पट्ट्या उभ्या केल्या आणि पावसात दर अर्ध्या तासानं पाहिल्या. यातली युक्ती सोपी आहे. मोरीच्या अलीकडे आणि पलीकडे पाणी सारखंच वर असेल, तर समुद्र अडवतो आहे. मोरी कितीही मोठी केली तरी त्या वेळेला उपयोग नाही. पण ओहोटी लागून पलीकडचं पाणी उतरलं आणि अलीकडचं तसंच चढून राहिलं, तर दोष मोरीचा. आम्ही दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा भरतीच्या वेळेला दोन्हीकडे सारखं होतं, आणि ओहोटीला आमच्या बाजूला वीतभर जास्त. भरती उतरली तरी आमच्या घरांतून पाणी निघायला पुढे कित्येक तास लागतात, त्याचं कारण ही वीत आहे.

वाहणारं पाणी किती हेही मोजता येतं. दहा मीटर अंतर आखायचं, नारळ सोडायचा, सेकंद मोजायचे. समजा वीस सेकंद लागले, तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात जातं म्हणून त्याचा आठ दशांश धरायचा. नाला तीन मीटर रुंद आणि एक मीटर खोल असेल तर सेकंदाला बाराशे लिटर. म्हणजे दर सेकंदाला सहा पिंपं. नाला वर रुंद आणि मोरीत निम्मा असेल तर उरलेल्या पिंपांनी कुठं जायचं? (नाल्याच्या पाण्यात उतरायचं मात्र कुणी नाही. नारळ काठावरून. हा नियम पोरांसाठी आहे तसा माझ्यासारख्या उत्साही कार्यकर्तीसाठीही आहे.)

सगळं आमच्याच बाजूनं निघालं असं नाही. दोन घरं खरोखर नाल्याच्या पात्रात आहेत, त्यांचे खांब पाण्यात आहेत. त्या घरांतल्या बायकांनी स्वतः ते बैठकीत सांगितलं, आणि ती बैठक सोपी नव्हती. त्यांना जायचं आहे. पण इथंच, मुलांच्या शाळेच्या आणि कामाच्या घरांच्या टप्प्यात, आणि कागद बाईच्या नावावर हवा. बाकीच्या घरांवरचे लाल आकडे कशासाठी, याचं उत्तर आम्ही आमच्या रेघा आणि पट्ट्यांची वही घेऊन मागितलं आहे. वही पाहून एका कार्यालयातले साहेब म्हणाले, ‘‘हे कुणी करून दिलं तुम्हाला?’’ बिगारी ताई शेजारीच उभ्या होत्या.

भराव टाकलेल्या बाजूलाही बायका राहतात, हे विसरून चालणार नाही. त्या सोसायटीनं कंपाउंडची भिंत बांधली, आवार उंच केलं, त्यांचं पाणी आमच्याकडे आलं. सुरुवातीला आमच्या बैठकांत त्यांच्याबद्दल फार वाईट बोललं जायचं. त्यांनाही आम्ही म्हणजे नाला तुंबवणारे, पिशव्या फेकणारे. मग तळमजल्यावरच्या दोघी-तिघींशी बोलणं झालं. त्यांच्याही न्हाणीतून पाणी वर येतं, त्यांच्याही सासूबाई खाटेवर असतात, आणि बिल्डरनं जागा दाखवली होती ती उन्हाळ्यात. भगिनीभाव वगैरे शब्द मी जपून वापरते. त्यांच्या पार्किंगमधला चिखल आजही आमच्याच मावशी काढतात आणि त्याचे वेगळे पैसे अजून सगळ्या देत नाहीत. तरी त्यांनी आवारात एक पट्टी लावू दिली आणि त्यांच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका तिचे आकडे लिहून ठेवतात. एवढं झालं आहे, त्याहून जास्त झालं असं मी म्हणणार नाही.

पूर आला की आपण सगळ्या धावतो. खिचडी, कपडे, सॅनिटरी पॅड, औषधं. २००५ नंतर मुंबईत लेप्टोची साथ आली, घाण पाण्यात उभं राहून साफसफाई करणाऱ्यांना तिचा धोका मोठा, आणि घरातली साफसफाई कोण करतं ते सांगायला नको. वस्तीतलं सार्वजनिक संडास बुडलं की पुरुष कुठंही जातात, बायका दिवस-दिवस पाणी पीत नाहीत. पाळी असेल, दिवस गेलेले असतील तर बघायलाच नको. ही मदत लागतेच. पण माझं मत असं होत चाललं आहे की मदतकार्य म्हणजे आपण घरात करतो तेच काम मोठ्या पातेल्यात. पाणी आलं की निस्तरायचं. ते कुठून येतं हे ठरवण्याच्या खोलीत आपण नसतो. बांगलादेशात १९९१च्या चक्रीवादळानंतर पाहणी झाली तेव्हा वीस ते चव्वेचाळीस वयाच्या बायकांचा मृत्युदर हजारी ७१ आणि त्याच वयाच्या पुरुषांचा १५ निघाला. ही तफावत कुणी स्त्री-पुरुष वेगळे मोजले म्हणून दिसली. एकत्र मोजले असते तर ‘इतके दगावले’ एवढंच उरलं असतं.

आपल्याकडच्या पंचनाम्यात अजूनही ‘घरमालक’ विचारतात आणि बाई म्हणते, ‘‘ते कामावर गेलेत, उद्या या.’’ २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशन कार्डावर घरातली सगळ्यात मोठी सज्ञान बाई कुटुंबप्रमुख मानली आहे. जे गव्हासाठी चालतं ते पाण्यासाठी का चालू नये? पंचनामा तिच्या नावानं करा, ती जे सांगेल ते लिहा, आणि वस्तूंच्या रकान्याशेजारी बुडालेल्या रोजाचा रकाना काढा. घरकामगार बाईचे चार दिवसांचे खाडे हे नुकसान आहे. यासाठी नवीन कायदा नको, नवीन फॉर्म हवा.

खाडीकाठचे तिवर तोडू नका हेही आपण नुसतं झाडांच्या प्रेमानं म्हणायचं नाही. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८च्या निकालात कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या हक्कावर घाला आहे असं म्हटलं, पन्नास मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायला सांगितला. तिवरात आणि मिठागरात पाणी पसरायला जागा मिळते, म्हणून भरतीच्या त्या तीन-चार तासांत ते घरात यायचं थांबतं. नाल्याला दोन्हीकडून सिमेंटच्या भिंती घालून, वर दिवे आणि बाकडी लावून सुशोभीकरण करायचं, यानं पाणी फक्त मोरीपाशी लवकर पोचतं. तिथं तोंड अरुंद आणि समोर भरती. मग ते मागं फिरतं. कुणाकडे, हे आमच्या चौकटींवर लिहिलेलं आहे.

महापालिकेत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्यांतल्या काहींना आम्ही वही घेऊन भेटणार आहोत. पावसाळी आढावा घेताना वस्तीतल्या पट्ट्यांचे आकडे कामकाजात नोंदवून घ्यावेत, नाल्याचा सर्व्हे होईल तेव्हा दिवसा, बायका घरी असतील त्या वेळी यावं, आणि नकाशा मराठीत, हिंदीत, वस्तीत लावावा, असं मागणार आहोत. काय उत्तर मिळतं ते पुढच्या अंकात कळवीन, चांगलं मिळालं तरी आणि नाही मिळालं तरी.

माझ्या त्या जुन्या मैत्रिणीला मी एवढंच सांगेन की एकदा उधाणाच्या दिवशी ये. पौर्णिमा किंवा अमावास्या, जून ते सप्टेंबर, साडेअकराच्या सुमाराला मोरीपाशी. गाडीतून उतरलीस की फोन कर, मी घ्यायला येते. साडी नको, चप्पल रबराची घाल. पट्ट्यांवरचा रंग गेल्या पावसात उडाला, त्या पुन्हा रंगवायच्या आहेत. पांढरा ऑइलपेंट आमच्याकडे आहे. लाल लागेल, अर्धा लिटर.